दुसऱ्या गाडीत बसून पाहिलेस का?

सोलापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, पुढ्यातला चहा निवून गेला तरी त्याला हात लावला नाहीस आणि 2016 च्या फॉर्म्युला वन शर्यतीतली, मर्सिडीज या एकाच संघाच्या लुईस हॅमिल्टन आणि निको रोझबर्ग यांची बार्सिलोनाची ती धडक मोबाइलवर मला चार वेळा दाखवून विचारलेस, "काका, आता मी मत सोडू की मैत्रीण सोडू?" तू दोष रोझबर्गला देतेस, तुझी मैत्रीण हॅमिल्टनला, आणि त्यावरून तुमचे बिनसले आहे. मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण मला राग आला होता. तुझ्या मैत्रिणीचा नव्हे, तुझाच. चारही वेळा तू मला एकच चित्रण दाखवलेस, लुईस हॅमिल्टनच्या गाडीवरच्या कॅमेऱ्याचे. त्यातून पाहिले की निको रोझबर्ग उजवीकडे सरकतो, हॅमिल्टनची चाके गवतात जातात आणि तुझा निकाल लागून मोकळा होतो. रोझबर्गच्या गाडीत तू एकदाही बसली नाहीस. दुसऱ्या गाडीत बसून पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट मला तुला सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

15 मे 2016 च्या त्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर होतो. मर्सिडीजच्या दोन्ही गाड्या पहिल्या रांगेत उभ्या होत्या आणि हॅमिल्टन पहिल्या क्रमांकावर होता. रोझबर्गने पहिल्याच वळणावर बाहेरच्या बाजूने त्याला मागे टाकले. मोसमातल्या पहिल्या चारही शर्यती रोझबर्गने जिंकल्या होत्या आणि तो 43 गुणांनी पुढे होता, म्हणजे घाई कोणाला होती ते तुला सांगायला नको. मात्र रोझबर्गच्या इंजिनाची सेटिंग चुकीची राहिली होती. तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना त्याच्या गाडीचा जोर कमी पडला, मागचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि हॅमिल्टन त्याच्यापेक्षा ताशी 17 किलोमीटरपर्यंत अधिक वेगाने त्याच्या अंगावर आला.

आता हॅमिल्टनच्या जागी बस: समोरची गाडी मंदावते आहे, दिवा लुकलुकतो आहे, उजवीकडे जागा आहे, तिथे न घुसणारा माणूस त्या खुर्चीत बसायला लायकच नाही. मग तिथून ऊठ आणि रोझबर्गच्या जागी बस: गाडी अचानक ओढेनाशी झाली आहे, स्टीअरिंगवरची सेटिंग बदलायची आहे, आरशात आपल्याच संघाची गाडी वाढत चालली आहे आणि वाट अडवण्याचा हक्क नियमानेच दिलेला आहे. मागचा तो लाल दिवा त्याला स्वतःला दिसणे तर शक्यच नव्हते. हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडले. दोघेही वाळूत गेले आणि अठरा वर्षांच्या मॅक्स वर्स्टापेनने रेड बुल संघासाठीची आपली पहिलीच शर्यत जिंकली.

स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, दोन्ही चालकांचे आणि संघाचे म्हणणे सविस्तर ऐकले. पुढच्या चालकाला बाजूला सरकून वाट अडवण्याचा हक्क होता आणि मागच्याचा पुढे जाण्याचा प्रयत्नही रास्त होता, त्यामुळे दोघांपैकी कोणावरही पूर्णपणे किंवा मुख्यत्वे दोष येत नाही, असे त्यांनी नोंदवले आणि कोणालाही शिक्षा केली नाही. त्या निकालातली एक बारीक नोंद मला फार आवडते: हॅमिल्टनच्या पुढच्या पंखाचा थोडासा भाग, गवतात जावे लागण्यापूर्वी सेकंदाच्या काही अंशांइतकाच वेळ, रोझबर्गच्या गाडीला समांतर आला होता आणि त्यामुळे उजवीकडची जागा आपल्या हक्काची आहे असे त्याला वाटले असावे. "वाटले असावे" हे दोन शब्द लिहिण्यासाठी त्या खुर्चीत जाऊन बसावे लागते, बाळ.

यावर "म्हणजे दोघेही सारखेच चुकले" असे म्हणून उठू नकोस. असली मिळमिळीत तडजोड करणाऱ्यांची मला चीड आहे. 2025 मध्ये कॅनडात लँडो नॉरिस आपल्याच संघाच्या ऑस्कर पियास्ट्रीवर मागून आदळला, तेव्हा दोन्ही गाड्यांतून पाहिले तरी दोष एकाच बाजूला जात होता आणि नॉरिसने तो स्वतःच लगेच कबूलही केला. उलट 2010 मध्ये इस्तंबूलला आघाडीवरच्या, आपल्याच रेड बुल संघाच्या मार्क वेबरशी टक्कर झाल्यावर सेबास्टियन फेटेल गाडीतून उतरला तो कानशिलाशी बोट फिरवत, म्हणजे वेडा तो दुसरा. चालकाने तसे करावे, त्याचे रक्त तापलेले असते. तू दहा वर्षे जुने चित्रण सात रस्त्याजवळच्या खोलीत बसून पाहतेस, तुझे रक्त कशाला तापावे? त्या दिवशी बार्सिलोनात निकी लाउडासारख्या, तीन वेळा जगज्जेता ठरलेल्या आणि मर्सिडीज संघातल्याच मुरलेल्या माणसानेही सगळे ऐकून घेण्याआधीच लुईस फार आक्रमक आहे असे बोलून टाकले. मला त्यांना नावे ठेवता येत नाहीत, कारण मी त्याहून वाईट केले आहे.

अक्कलकोट रस्त्यावर माझे गॅरेज होते तेव्हाची, 1996 ची गोष्ट. एकाच मालकाचे दोन ट्रक टॉवेल-चादरींच्या गाठी घेऊन पहाटे हैदराबादकडे निघाले होते. मालक नवा ट्रक घेणार होता आणि तो आपल्याला मिळावा यासाठी दोन्ही ड्रायव्हरांत चुरस होती. बोरामणीच्या पुढे म्हशी आडव्या आल्या, पुढच्याने ब्रेक दाबला आणि मागचा त्याच्यावर आदळला. पुढचा ट्रक माल घेऊन तसाच पुढे गेला. मागचा टोचन करून माझ्याकडे आणला. मी चारही ड्रम उघडले, लायनर नवे होते, हवा कुठे गळत नव्हती. ड्रायव्हर सांगत होता की पुढच्या गाडीचा स्टॉप लाइट लागलाच नाही. असे प्रत्येकच ड्रायव्हर म्हणतो. मालकाने विचारले, "मिस्त्री, काय निघाले?" मी म्हणालो, "ब्रेक उत्तम आहेत, झोप लागली असणार." त्याच संध्याकाळी त्या माणसाचे काम गेले.

तीन आठवड्यांनी पुढचा ट्रक पत्रेकामासाठी आला. स्टॉप लाइटची वायर स्विचपाशी गंजून हिरवी पडली होती आणि तो गंज तीन आठवड्यांचा नव्हता. ती गाडी चालवणाऱ्यालाही त्याची कल्पना नव्हती, असणारही कशी? मी मालकाला सांगितले नाही असे नाही. सांगितले, पण दिवाळी झाल्यावर. तोवर नवा ट्रक दुसऱ्याला देऊन झाला होता. मला जी गाडी तपासायला दिली तीच मी तपासली, समोर नसलेली गाडी मिस्त्रीने कशी तपासावी, असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावत आलो आहे आणि त्यात खोटे काहीच नाही. ब्रेक खरोखरच उत्तम होते. पण "झोप लागली असणार" हे ड्रमने सांगितले नव्हते, ते माझे होते. पुढे एकदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर तो ड्रायव्हर भेटला, त्याने आपण होऊन नमस्कार केला, गॅरेज कसे चालले आहे हे विचारले, आणि मी वायरीचे काही बोललो नाही.

तेव्हापासून मी दोन्ही गाड्या पाहिल्याशिवाय तोंड उघडले नाही. त्यापायी गिऱ्हाइके गेली, विम्याच्या कामात "मिस्त्री फार वेळ लावतात" अशी तक्रारही झाली, आणि घरचे मला हट्टी म्हणतात ते वेगळेच. म्हणू देत.

म्हणून मत सोडू नकोस आणि मैत्रीणही सोडू नकोस. येत्या रविवारी तिला घेऊन ये. तू रोझबर्गची बाजू मांडायचीस आणि तिने हॅमिल्टनची, त्यातून माझ्या घरात सुटका नाही. दोन्ही गाड्यांवरची चित्रणे शोधून आणा, मोठ्या टीव्हीला जोडायची केबलही आणा. तिसऱ्या वळणानंतर तो लाल दिवा नेमका कधी लुकलुकू लागतो तिथे थांबवून मला दाखवा. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

तुझा,
काका