रायफल कंपन्या देतात त्या अचूकतेच्या हमीवर ग्राहकाने किती विसंबावे?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेताना ‘सब-एमओए’ (म्हणजे गोळ्यांचा फैलाव एक एमओएपेक्षा कमी राहील अशी) हमी असलेल्या मॉडेलसाठी दोन-तीनशे डॉलर जादा मोजावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते केवळ हमीसाठी मोजू नयेत. ही हमी खोटी नसते. मात्र रायफल नेहमी कशी चालेल यापेक्षा, ती नीट चालली नाही तर कंपनी आपल्याशी कशी वागेल, हेच तिच्यातून अधिक कळते.

एमओए (मिनिट ऑफ अँगल) हे कोनाचे माप आहे, म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 यार्डांवर तो जेमतेम 1.05 इंच भरतो. वेदरबी कंपनीची हमी अशी आहे की थंड नळीतून, कंपनीच्या स्वतःच्या किंवा उच्च दर्जाच्या काडतुसांनी झाडलेल्या तीन गोळ्यांचा गट 100 यार्डांवर 0.99 इंच किंवा त्याहून लहान येईल. यातील प्रत्येक अट महत्त्वाची आहे, आणि सर्वांत अधिक महत्त्व ‘तीन’ या आकड्याला आहे. गटाचे माप म्हणजे सर्वांत दूर पडलेल्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर. त्यामुळे गोळ्या वाढतील तसे ते वाढतच जाते. ज्या रायफलीचे तीन गोळ्यांचे गट सरासरी एक इंचाचे येतात, तिचेच पाच गोळ्यांचे गट सरासरी सव्वा इंचाच्या आसपास आणि दहा गोळ्यांचे दीड इंचाहून थोडे मोठे येतील, आणि त्यात रायफलीचा काहीही दोष नसेल. फिनलंडची साको कंपनी टिक्का रायफलींना तीन गोळ्यांची आणि साको नावाच्या रायफलींना पाच गोळ्यांची हमी देत आली आहे, तेव्हा दोन्हीकडे ‘एक एमओए’ असे लिहिलेले असले तरी दुसरी हमी बरीच कडक ठरते.

शिवाय तीन गोळ्यांच्या गटात नशिबाचा वाटा मोठा असतो. सरासरी सव्वा इंचाचे गट देणारी रायफलसुद्धा साधारण दहांतून तीनदा इंचाच्या आत गट देते, आणि नेमका तोच कागद घडी घालून पाकिटात ठेवला जातो. रेंजवर हे नेहमी दिसते: पहिल्या दोन गोळ्यांची छिद्रे एकमेकांना चिकटतात, तिसरी इंचभर बाजूला जाते, आणि नेमबाज ‘ही माझ्याच हातून हलली’ असे म्हणून ती मापातून वगळतो. हलक्या शिकारी रायफलीची बारीक नळी तापू लागली की गोळ्या सरकू शकतात, हे त्याच्या मनातही येत नाही.

काडतुसांची अट तर स्पर्धेतील नेमबाजांकडून समजून घ्यावी. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त 10.4 मिलिमीटर असतो. या प्रकारातील वरच्या पातळीचे नेमबाज आपली रायफल काडतूस कंपनीच्या चाचणी केंद्रात पक्कडीत बसवून एकाच जातीच्या काडतुसांचे निरनिराळे लॉट (उत्पादनाच्या खेपा) झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवेल त्याचा साठा करतात. अचूकता रायफल आणि काडतूस या जोडीची असते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. शिकारी रायफलीच्या जाहिरातीत ती एकट्या रायफलीच्या नावावर मांडली जाते.

हमी अगदीच निरर्थक आहे, असेही मी म्हणणार नाही. रायफली मोठ्या प्रमाणावर परत येऊ लागल्या तर कंपनीचे नुकसान होईल, त्यामुळे अशी हमी देणाऱ्या कारखान्याचा नळी घडवण्यावर बऱ्यापैकी ताबा असावा, असे समजायला हरकत नाही. पण दुकानदाराला चार गोष्टी विचाराव्यात: गोळ्या किती, काडतूस कोणते, परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, आणि वाद झाला तर कोणाची चाचणी अंतिम. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘कंपनीची’ असेच येईल.

आपल्या कामाचा विचार केला तर हरणाचे मर्मस्थान सुमारे आठ इंचांचे असते, आणि दोन एमओएची रायफलसुद्धा 200 यार्डांवर सुमारे चार इंचांत गोळ्या टाकते. वाचलेल्या पैशांतून दोन-तीन प्रकारची काडतुसे घ्यावीत, प्रत्येकाच्या दहा गोळ्या, मधून मधून नळी थंड होऊ देत, एकाच कागदावर झाडाव्यात आणि भरकटलेली गोळीही मापात धरावी.