कलर केलेले केस राठ पडलेत, तेल लावू का नको? तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

लग्नसराई उरकली की या सदरात दरवर्षी केसांचीच पत्रं जास्त येतात, यंदा तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून जवळजवळ एकच तक्रार आहे. कलर केला, छान दिसला, आता केस राठ झाले आणि घरात जो तो वेगळं तेल सुचवतोय. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच्यावरच बोलू.

प्रश्न: ताई, दिराच्या लग्नासाठी मी पार्लरमध्ये ब्राउन कलर केला आणि पुढच्या बटांना हायलाइट्स घेतले. आता टोकं इतकी राठ झालीत की कंगवा अडकतो. सासूबाई रोज रात्री म्हणतात "डोकाले तेल लाव वं माय", आणि पार्लरवाली म्हणते तेलाला हात पण लावू नको, कलर उतरेल. मी ऐकू कोणाचं?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर: दोघींचं थोडं थोडं ऐका, कारण दोघीही अर्ध्या बरोबर आहेत.

आधी कलर करताना केसाचं काय होतं ते बघा. केसावर बाहेरून बारीक खवल्यांचा थर असतो, कलरमधलं अमोनिया किंवा तसंच दुसरं काहीतरी ते खवले उचलतं, मग पेरॉक्साइड आत शिरून तुमचा मूळ रंग फिका करतं आणि नवा रंग आत तयार होतो. पार्लरमध्ये २० व्हॉल्यूम म्हणतात ना, ते म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ टक्के. हायलाइट्सला ब्लीच लागतं म्हणून त्या बटांचे हाल सगळ्यात जास्त. आणि या सगळ्यात केसावर जन्मापासून असलेला स्निग्ध थर निघून जातो, तो गेला की केस पाणी पटकन पितो आणि तेवढ्याच पटकन सोडून पण देतो. घरीच बघा, केस धुऊन वाळले की एकेक थेंब पाणी टाकून बघा, मुळाशी नवीन उगवलेल्या बिनकलरच्या केसावर थेंब जरा वेळ तसाच बसतो, हायलाइटच्या टोकाला लगेच जिरतो. तो जिरणारा केस म्हणजेच तुमचा राठ केस.

आता तेलाचं. तेलात पाणी नसतंच मुळी, त्यामुळे तेल केसाला ओलावा "देतं" हे खरं नाही. ते खवले बसवतं, केस सुळसुळीत करतं आणि आत जे पाणी आहे ते लवकर उडू देत नाही. खोबरेल याच्या एक पाऊल पुढे जातं, त्यातल्या लॉरिक अॅसिडचे कण लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) या तिघांची तुलना केली होती, त्यात केसातलं प्रोटीन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, चांगल्या केसातही आणि ब्लीच वगैरे करून खराब झालेल्या केसातही.

म्हणून तेल लावायची खरी वेळ धुण्याच्या आधीची. पाण्यात भिजला की केस फुगतो, वाळला की आक्रसतो, हे फुगणं-आक्रसणं दर वेळी केसाला थोडं थोडं मारतं आणि आत आधीच खोबरेल असलं की पाणी कमी शिरतं. धुवायच्या अर्धा-एक तास आधी लावलं तरी चालतं, रात्रभर ठेवायचीच गरज आहे असं नाही, उशीचा अभ्रा पण वाचतो.

आणि किती? इथेच सगळ्यांचं चुकतं. आपल्याकडे शेवभाजीवर तर्री यावी तसं डोक्यावर तेल आलं नाही तर लावल्यासारखंच वाटत नाही. खांद्यापर्यंत केस असतील तर एक चहाचा चमचा बास. तळहातावर घ्या, दोन्ही हात चोळा आणि आधी टोकं धरा, हायलाइटच्या बटा बोटांत धरून खालून वर या, कानाच्या वर आलात की हाताला जेवढं राहिलं असेल तेवढंच वर फिरवा. टाळूला तेल लावून मालिश करायची असेल तर करा, झोप छान लागते, पण राठ टोकांसाठी त्याचा काही उपयोग नाही, टाळूचं तेल आपणहून टोकापर्यंत चालत जात नाही.

आता पार्लरवालीचं. तेलाने कलर धुऊन निघत नाही, कलर जातो तो पाण्याने आणि शाम्पूने. पण सासूबाईंच्या हिशोबाने रोज डोकं भरून तेल लावलं तर ते काढायला दोन-दोन, तीन-तीन वेळा शाम्पू घासावा लागतो आणि त्या घासण्यात कलर जातो, पार्लरवालीला बहुतेक हेच म्हणायचं असेल. तेव्हा तेल एवढंच लावा की एका शाम्पूत निघेल. शाम्पू टाळूलाच चोळा, फेस खाली ओघळतो तेवढा टोकांना पुरतो, पाणी कोमट किंवा साधं, कडकडीत नको. मग टोकांना कंडिशनर, ते काम तेल करत नाही, तेल लावलं म्हणून कंडिशनर सोडू नका. नवीन कलर केल्यावर मात्र पहिले दोन-तीन दिवस काहीच करू नका, ना धुणं ना तेल.

धुतल्यावर केस टॉवेलने टिपून घ्या (घासून नाही) आणि ओलसर असतानाच दोन-तीन थेंब टोकांना लावा. ओल आत, तेल वरून. कोरड्या ठक्क केसाला नुसतं तेल चोपडलं तर तो चिकट होतो पण राठपणा तसाच, बऱ्याच जणी इथेच वैतागून तेल सोडतात.

आणि एक कडू गोष्ट सांगते, केसाचा बाहेरचा भाग निर्जीव असतो, तो बरा होत नाही, सांभाळला जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे फाटलेली टोकं दर दोन-तीन महिन्यांनी थोडी थोडी कापत राहा.

प्रश्न: आमच्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल घरात असतं, तीळ पण घरचे आहेत. मुलगी म्हणते ऑर्गन का काय ते ऑनलाइन मागवू, छोटी बाटली आणि किंमत बघून मी गप्पच झाले. कलर केलेल्या केसांना घरचं तेल चालेल का?
(चोपडा)

उत्तर: ताई, ते आर्गन. मोरोक्कोत एक झाड असतं, त्याच्या बियांच्या आतल्या गराचं तेल. चांगलं आहे, हलकं आहे, केस चमकतात, पण जे काम ते करतं त्यातलं बरंचसं तीळ तेलाचे दोन थेंब पण करतात. मुलीला हौस असेल तर धुतल्यानंतर लावायला छोटी बाटली घेऊ द्या, धुण्याआधी चमचाभर ओतायला ते तेल नाही, परवडणारच नाही.

माझं मत विचाराल तर धुण्याआधी खोबरेल, धुतल्यानंतर तिळाचं किंवा करडईचं दोन थेंब. शेंगदाणा तेल पण नुकसान करत नाही, वरवर थर धरतं, फक्त वास राहतो आणि जड वाटतं, कॉलेजात जाणारी मुलगी ते लावून जाईल असं मला तरी वाटत नाही. एरंडेल जपून. ते इतकं चिकट असतं की लांब केसांना एरंडेल चोपडून धुतलं आणि केसांचा गठ्ठा होऊन सुटेचना, शेवटी कापावे लागले, असं घडल्याची डॉक्टरांनी नोंद केलेली आहे. लावायचंच असेल तर चार भाग खोबरेलात एक भाग, आणि टोकांना नाही.

खोबरेल थंडीत गोठतं, साधारण २४ डिग्रीच्या खाली. डिसेंबरात तुमच्याकडे बाटली दगड होणारच, म्हणून भेसळ आहे असं समजू नका. वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको.

दुकानातून आणताना मात्र बाटली उलटी करून मागचं वाचा. पुढे बदामाचं चित्र आणि मागच्या यादीत पहिलंच नाव लाइट लिक्विड पॅराफिन असेल, तर त्यात सगळ्यात जास्त तेच आहे, कारण यादी जास्तीकडून कमीकडे लिहितात. पॅराफिन म्हणजे तेच मिनरल ऑइल, विष नाही, केस गुळगुळीत करतं, पण ते बाहेरच राहतं, मग बदामाचे पैसे कशाला द्यायचे? शुद्ध खोबरेल घ्या, खाण्याचं लिहिलेलं असलं तरी डोक्याला चालतं. गंमत म्हणजे खोबरेलाची छोटी बाटली खाण्याचं तेल धरायची का केसांचं, यावर टॅक्ससाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं होतं, डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते हेअर ऑइल ठरत नाही.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरतो. त्यात हे ऊन. कलर महिनाभर पण टिकत नाही. तेल लावून बाहेर पडलं तर उन्हापासून वाचतील का केस?
(भुसावळ)

उत्तर: भुसावळचं ऊन म्हटल्यावर काय बोलणार, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि तुम्ही तेल चोपडून निघालात तर रस्त्याची धूळ सगळी डोक्यावर घेऊन घरी याल. तेल म्हणजे सनस्क्रीन नाही. उन्हाने पण कलर फिका पडतो, त्याला उपाय आपल्या गाडीवरच्या मुली करतात तोच, सुती स्कार्फ, घट्ट आणि सगळे केस आत.

पाण्याचं बादलीवर जे दिसतं तेच केसावर होतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बसतात आणि कलर केलेला केस ते जास्त धरून ठेवतो. साबणाची वडी डोक्याला लावत असाल तर आधी ती बंद करा, शिकेकाईची असली तरी, जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि तो केसातून निघत नाही, शाम्पूचा तसा होत नाही. शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरच्या पाण्याचे घ्या. पण आरओच्या बारीक नळीतून जे पाणी वाया जातं, ते बायका बादलीत साठवून धुण्या-भांड्याला वापरतात, चांगलंच करतात, पण ते डोक्यावर घेऊ नका, बोअरच्या पाण्यापेक्षा त्यात क्षार जास्त असतात. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू मिळतो तो वापरा, त्या दिवशी आधी खोबरेल आणि नंतर कंडिशनर विसरू नका कारण तो जरा कोरडे करतोच. लिंबू पिळायचा सल्ला कुणीतरी देईलच, नको, नुसत्या लिंबाने केस आणखी कोरडे पडतात आणि उन्हात गेलात तर रंग अजून उतरतो.

प्रश्न: ताई, मी पुरुष आहे, केस पांढरे झाले म्हणून काळ्या मेंदीची पुडी लावतो. यावेळी टाळूला आग-आग झाली, कानामागे पुरळ आलं. मंडळी म्हणते खोबरेलात कापूर टाकून लाव, थंड वाटेल. लावू का?
(नंदुरबार)

उत्तर: भाऊ, नका लावू. हा कोरडेपणा नाही, अॅलर्जी दिसतेय. खरी मेंदी लालसर रंग देते, काळी कधीच होत नाही, पुडीतला काळा रंग बहुतेक वेळा पीपीडी नावाच्या केमिकलचा असतो आणि त्याची अॅलर्जी एकदा झाली की पुढच्या वेळी जास्त जोरात येते. कापूर चोळून आग वाढेल आणि घरात लहान मूल असेल तर ती बाटली अजूनच धोक्याची, कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात. पुडी बंद, डोकं साध्या पाण्याने नीट धुवा आणि सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, पुडीचं पाकीट सोबत न्या. पापण्या किंवा चेहरा सुजला, श्वास जड वाटला तर वाट न बघता त्याच वेळी निघा.

बाकीच्यांनी पण ऐका, पाकिटावर टेस्ट करायला लिहिलेलं असतं ते खरंच करा, कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास थांबायचं, दर वेळी, मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून सोडायचं नाही.

प्रश्न: मला कोंडा आहे आणि बर्गंडी कलर पण आहे. आई दर शनिवारी तेल लावते, कोंडा वाढतोच आहे.
(कॉलेज विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर: कोंड्यात ज्या बुरशीचा हात असतो ती टाळूवरच्या तेलावरच जगते, म्हणजे आई प्रेमाने तिला जेवू घालतेय. शनिवार चालू ठेवा, फक्त कानाच्या खाली. टाळूला कीटोकोनॅझोलचा शाम्पू, लावून तीन-पाच मिनिटं ठेवायचा, आठवड्यातून दोनदा, साधारण महिनाभर. बर्गंडी थोडा लवकर उतरेल, लाल छटा तशाही लवकर उतरतात. आधी कोंडा जाऊ दे, मग परत कलर.

प्रश्न: तेल लावून वरून स्ट्रेटनर फिरवला तर केस सरळ पण होतात आणि चमकतात, असं एका रीलमध्ये बघितलं. करू का?
(शहादा)

उत्तर: नाही. स्ट्रेटनरची पट्टी १८०-२०० डिग्रीला तापते, त्यावर तेल तापून केसाला चटका बसतो, केस कलर केलेले असतील तर जास्तच. स्ट्रेटनर वापरायचाच असेल तर केस धुतलेले, पूर्ण वाळलेले, हीट प्रोटेक्टर लावून आणि मशीन कमीत कमी डिग्रीवर, एका बटेवरून एकदाच. तेल त्यानंतर, पट्टी बंद करून ठेवल्यावर, एक थेंब, तो पण टोकांनाच.