यंत्र बाहेर ठेवा, दोर आत न्या

प्रश्न : वादळात घरामागचं मोठं झाड पडलं. कापून त्याचे १४ ओंडके झाले आहेत. सगळ्यांत जाड ओंडका ४० सेंटीमीटर व्यासाचा आणि ३ मीटर लांब आहे, बाकीचे २० ते ३० सेंटीमीटरचे. बाहेर काढायला वाट एकच, घर आणि कुंपणाची भिंत यांमधला १ मीटर रुंदीचा बोळ. तो मध्येच काटकोनात वळतो आणि पुढेही तेवढाच रुंद आहे. जमीन मऊ आहे. छोटा ट्रॅक्टर, पट्ट्यांवर चालणारा मिनी लोडर आणि विंच (दोर किंवा तार खेचणारं यंत्र), यांतलं काय घ्यावं? फळ्या पाडायच्या असल्यामुळे ओंडक्यांचे आणखी तुकडे करायचे नाहीत.
— एक वाचक

उत्तर : तुम्ही सगळी मापं दिलीत, त्यामुळे मला नेमकं सांगता येतंय. गेली २२ वर्षं मी आणि माझा भाऊ पडलेली झाडं अडचणीच्या जागांतून बाहेर काढतो. आम्हाला विचारायला येणारे बहुतेकजण यंत्राच्या ताकदीपासून सुरुवात करतात. मी मात्र आधी वजन काढते, मग वळण मोजते. यंत्राचा विचार त्यानंतर.

तुमचा जाड ओंडका घ्या. त्रिज्या ०.२ मीटर, लांबी ३ मीटर, म्हणजे आकारमान सुमारे ०.३८ घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला बहुधा ८०० ते १००० किलो भरतं, काही जातींचं त्याहूनही जास्त. म्हणजे हा एकटा ओंडका ३०० ते ३८० किलोचा. तेवढ्याच लांबीचा २० सेंटीमीटरचा ओंडका मात्र ९५ किलोच्या आत बसतो, कारण व्यास निम्मा झाला की वजन चौथाईवर येतं. सगळ्यांना एकच उपाय लावायचा नाही तो यासाठी.

आता वळण. १ मीटर रुंदीच्या दोन बोळांच्या काटकोनातून आडवी फिरू शकणारी लांबात लांब काठी २.८३ मीटरची, आणि तीही जाडी शून्य धरून. ओंडक्याला जाडी असते, आणि जाडीच्या दुप्पट लांबी त्यातून वजा होते. ४० सेंटीमीटरच्या ओंडक्याला उरतात २.०३ मीटर, २० सेंटीमीटरच्याला २.४३. म्हणजे तुमचा ३ मीटरचा एकही ओंडका त्या कोपऱ्यावर वळणार नाही. ओढणारं यंत्र कितीही दांडगं आणा, ओंडका भिंतीत रुतेल आणि भिंत जाईल. जमिनीवर खडूने बोळ आखा, वाशाचा तुकडा फिरवून पाहा, लगेच पटेल.

म्हणून जाड ओंडक्यांच्या फळ्या जागेवरच पाडा. चेनसॉच्या पात्याला बसवायची लोखंडी चौकट मिळते, तिच्यावर एकसारख्या जाडीच्या फळ्या निघतात. काम सावकाश होतं, भुसा भरपूर पडतो, आणि पात्याला उभं चिरायच्या धारेची साखळी लावावी लागते. पण ३ मीटर लांब, ४० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर जाड फळी साधारण ६० किलोची होते, ती दोघांना उचलता येते. वळणावर तिचं एक टोक वर करून ती तिरपी धरायची, ४५ अंशांवर जमिनीवरची तिची लांबी २.१ मीटरच राहते. पावणेचारशे किलोचा ओंडका असा तिरपा धरता येत नाही. चौकट वापरायची नसेल तर जाड ओंडके २ मीटरच्या किंचित आत कापा, बारीक २.२ मीटरवर. आखूड फळीचंही पुष्कळ काही होतं, लाकूड वाया जात नाही.

यंत्राकडे येऊ. छोटा ट्रॅक्टर या बोळात शिरत नाही, तो विषय संपला. मिनी लोडर ९० सेंटीमीटरच्या आतलेही मिळतात, पण दोन्ही बाजूंना चार बोटं जागा राहणार, आणि वळताना त्याचे पट्टे मऊ माती खरवडून काढणार. भिंतीलगतच्या जिवंत झाडांची मुळं त्यात तुटतात. ते नुकसान लगेच दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी झाड वाळायला लागतं तेव्हा कळतं. हे मी पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. एक झाड बाहेर काढताना शेजारचं दुसरं मारू नये. म्हणून अरुंद जागेत मी यंत्र बाहेर ठेवते आणि दोर आत नेते.

विंचचे हाताशी तीन प्रकार आहेत. रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकाचा खेचणा स्वस्तातला, पण त्याची तार दोन-चार मीटर, दर थोड्या वेळाने पुन्हा बांधत बसावं लागतं. अडकलेला ओंडका सोडवायला तो ठेवा, वाहतुकीला नको. दुसरा टिरफोर या ब्रँडच्या धर्तीचा, हाताने दांडा हलवून चालवायचा. यात तार ड्रमवर गुंडाळत नाहीत, दोन जबडे ती आळीपाळीने धरून पुढे सरकवतात. म्हणून तार हवी तेवढी लांब चालते, आणि दांडा बदलला की भार मागेही सोडता येतो. तिसरा पेट्रोल इंजिनाचा कॅपस्टन विंच : फिरत्या दंडगोलावर दोराचे तीन-चार वेढे घ्यायचे आणि शेपूट हाताने ताणून धरायचं. हात सैल सोडला की खेच थांबते. ड्रमच्या विंचमध्ये तारेचे थर चढतात तशी ताकद घटते, कॅपस्टनमध्ये ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी राहते.

ओंडका जमिनीवरून फरपटत न्यायला त्याच्या वजनाच्या निम्मी ते पाऊणपट खेच लागते. २ मीटरवर कापलेला तुमचा जाड तुकडा अडीचशे किलोच्या आसपास, म्हणजे खेच १२५ ते १९०. टिरफोरचं ०.८ टनाचं मॉडेल याला पुरून उरतं. कामं वरचेवर निघणार नसतील तर मी तेच घेईन, किंवा भाड्याने आणेन. दरवर्षी असे ओंडके काढायचे असतील तर कॅपस्टन.

ओंडक्याचं तोंड मातीत घुसलं की हे सगळे आकडे कोसळतात. पुढचं टोक कुऱ्हाडीने चहूबाजूंनी तासून गोलसर करा, किंवा प्लॅस्टिकचा शंकू टोपीसारखा चढवा. त्याहून बरी लॉग आर्च : दोन चाकांवर लोखंडी कमान, तिच्यात ओंडक्याचं पुढचं टोक लटकतं आणि मागचं जमिनीवर घासत येतं. तुमच्या बोळासाठी बाहेरून बाहेर ७० सेंटीमीटरहून रुंद घेऊ नका. चाकं रुंद आणि हवेची हवीत, मऊ मातीत अरुंद चाक रुतून बसतं. खाली जुन्या फळ्या टाकल्या तर आणखी सोपं जातं.

कोपऱ्यावर दोर वळवायला कप्पी लागेल. इथे मला जरा थांबायचंय. दोर काटकोनात वळला की कप्पीच्या बांधणीवर खेचेच्या १.४१ पट भार येतो, १९० किलोचे २७० होतात. कप्पीने निम्मी ताकद लागावी म्हणून दोर ओंडक्यावरून परत आणलात, तर ती सरकती कप्पी. तिचं गणित वेगळं. कोपऱ्यावरची कप्पी फक्त दिशा बदलते. ती कुंपणाच्या खांबाला किंवा भिंतीतल्या कडीला बांधू नका. जिवंत, जाड बुंध्याला अगदी बुडाशी रुंद पट्टा लावून बांधा म्हणजे सालही वाचते. सुरुवातीच्या वर्षांत मी कप्पी एका जुन्या बुडख्याला बांधली होती. वरून ठणठणीत दिसत होतं, आत कुजलेलं. भार आल्यावर ते मुळासकट निघालं आणि कप्पी दोराच्या कोनातून सणसणत गेली. क्षणभर आधी मी त्याच कोनात ओंडका सरळ करायला वाकले होते. तेव्हापासून दोर ताणलेला असताना त्याच्या आतल्या कोनात आमच्याकडे कोणीही पाय ठेवत नाही, दोघंही नाही.

दोर कमी ताणणारा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन रबरासारखा ताणला जातो, तुटला तर सगळी साठलेली ताकद अंगावर येते. टिरफोरला त्याचीच तार लागते. ती हाताळताना चामडी हातमोजे घाला, आणि ताणलेल्या तारेच्या मधोमध जाड गोधडी टाका.

प्रश्न : आमच्या बागेत झाडांच्या ओळींमध्ये २ मीटर अंतर आहे. २० सेंटीमीटरचे ओंडके छोट्या ट्रॅक्टरने ओढतो. साखळी वर बांधली तर ओंडक्याचं तोंड उचललं जातं. चालेल का?
— दुसऱ्या एक वाचक

उत्तर : नाही, कृपया उद्यापासून बंद करा. खेच मागच्या आसाच्या वर लागली की ओंडका अडकताक्षणी ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागे उलटतो. याला दोन सेकंदही लागत नाहीत, क्लचवर पाय जाईपर्यंत वेळ गेलेली असते. साखळी आसाखालच्या ड्रॉबारलाच लावा. तोंड उचलायचंच असेल तर आर्च ट्रॅक्टरमागे जोडा, म्हणजे वजन आर्चच्या चाकांवर पडेल आणि खेच खालूनच राहील. पट्टा बांधून बसा आणि ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट डोक्यावर नसलेल्या ट्रॅक्टरने हे काम करू नका.

प्रश्न : ओंडका लोळवायला पहार पुरते का?
— एक वाचक

उत्तर : उचकटायला पुरते, लोळवायला नाही, कारण ती ओंडक्याला धरून ठेवत नाही आणि निसटते. लांब लाकडी दांड्याच्या टोकाजवळ खिळीवर हलणारा वाकडा आकडा असलेलं हत्यार घ्या. आकडा सालीत रुततो आणि दांडा तरफेसारखा चालतो. दांडा १२० ते १५० सेंटीमीटरचा असावा. तुमचा बोळ पहिल्या प्रश्नातल्यासारखा अरुंद असेल तर ९० चा घ्या, लांब दांडा भिंतीवर आपटतो. उतारावर लोळवताना नेहमी ओंडक्याच्या वरच्या बाजूला उभे राहा आणि खालच्या बाजूला आधी दोन पाचरी लावून ठेवा.