कंबरेचा पट्टा सोडवायचा कसा?

प्रश्न : ताई, माझं वय ४४. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून काम. चार महिन्यांपासून कंबर दुखते. दुखणं पायात जात नाही, पण खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं वाकूनच टाकावी लागतात. एमआरआयमध्ये ‘एल-४ एल-५ डिस्क बल्ज’ निघालं. ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून व्हिडिओ बघून सकाळी उठल्याउठल्या अंगठे धरणं आणि सिट-अप्स सुरू केल्या, तर तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. तेव्हापासून व्यायाम बंद आणि पट्टा कायम. पट्टा काढला की धास्ती वाटते. घरी नेमकं काय करू?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रात ‘डिस्क बल्ज’ या शब्दांखाली दोन रेघा मारलेल्या आहेत, म्हणून आधी त्याबद्दल. दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगणं म्हणजे डिस्क बल्ज. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या मणक्यात असा फुगवटा आढळला होता. काहीही त्रास नसताना! रिपोर्ट खोटा नाही, पण तुमच्या दुखण्याचं कारण तोच, असं त्यावरून म्हणता येत नाही. तुमची कंबर मोडकळीला आलेली नाही. ती सध्या हुळहुळी झाली आहे आणि न वापरल्यामुळे तिची ताकद कमी झाली आहे. या दोन्ही गोष्टी सुधारतात.

आता ते व्हिडिओ. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या पुढे वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. तुम्ही नेमकी तीच वेळ निवडली आणि व्यायामही दोन्ही वाकण्याचेच. व्यायाम तुम्हाला सोसत नाही असा अर्थ त्यातून काढू नका. उठल्यावर तासभर जाऊ द्या, घरात फिरा, मग सुरुवात करा.

पहिले दोन आठवडे सगळं जमिनीवर, पातळ सतरंजी टाकून. उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीला टेकलेले. कंबरेखाली जी पोकळी राहते ती हळूच जमिनीला टेकवा आणि सोडा, दहा वेळा. मग दोन्ही गुडघे जुळवून थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे झुकवा; जिथे ओढ लागते तिथून परत फिरा. त्यानंतर ब्रिज : टाचांवर जोर देऊन नितंब उचला. श्वास रोखू नका. मोठ्याने आकडे मोजलेत तर तो आपोआप चालू राहतो. मांडीच्या मागे गोळा येतोय असं वाटलं तर टाचा जरा जवळ घ्या.

हे अंगवळणी पडलं की माझा सगळ्यात आवडता व्यायाम. हात आणि गुडघे टेकून ओणवे व्हा. उजवा हात पुढे, डावा पाय मागे सरळ करा, आठ-दहा सेकंद थांबा, मग बाजू बदला. बहुतेक जण पाय फार वर उचलतात. मग कंबर खाली झोळते आणि तिथेच कळ येते. पाय नितंबाच्या रेषेतच राहू द्या. कंबरेवर एखादं पातळ पुस्तक ठेवून बघा. ते घसरलं तर अजून घाई होतेय, आधी नुसता पाय सरकवा, हात टेकलेलाच ठेवा. मणक्याचे कॅनडातले अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी हा व्यायाम लोकप्रिय केला. जास्त वेळ थरथरत धरून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ धरून पुन्हा करणं बरं, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहामध्ये तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीइतकं खाली आलं पाहिजे. नाही आलं तर व्यायाम जितक्या वेळा करता त्याच्या निम्म्या वेळा करा. व्यायाम बंद करू नका. दुखणं पायात उतरायला लागलं तर मात्र तो व्यायाम तिथेच थांबवा.

ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठायचं. कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुका, मग बसा. ती वाकडी चार पावलं यानेच बरीच सुटतील. आणि चाला. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कंबरदुखीतून बरे झालेल्या ज्या लोकांनी हळूहळू चालणं वाढवलं, त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले; चालण्याचा असा कार्यक्रम न दिलेल्या गटात ११२. त्यांचं लक्ष्य होतं आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा.

पट्टा एका दिवसात फेकू नका. पहिल्या आठवड्यात घरात काढा, दुसऱ्यात ऑफिसात बसताना, शेवटी फक्त लांबच्या प्रवासापुरता ठेवा आणि मग तोही नको. जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे सरसकट वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलं आहे. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे द्या. मधे एखादा दिवस वाईट जाईल, त्याला घाबरू नका.

प्रश्न : वडील ७० वर्षांचे. कंबर दुखते, गेल्या आठवड्यापासून चालताना उजव्या पायाचा चवडा जमिनीला घासतो. त्यांना कोणते व्यायाम द्यावेत?

उत्तर : आत्ता कोणतेच नाही. चवडा उचलला न जाणं म्हणजे नस दबलेली असू शकते. आजच डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या. कंबरदुखीसोबत ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा नुकतंच पडणं असेल तरीही तपासणी आधी. तपासून झालं की मला पुन्हा लिहा, रिपोर्टमध्ये काय आलं तेही कळवा.