बॅटरी खरी की डिस्प्ले खरा?

प्रश्न: शेतातल्या शेडवर सोलरची १२ व्होल्टची लेड ऍसिड बॅटरी आहे, तिचं व्होल्टेज बघायला आर्डुइनो उनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड) लावलाय. व्होल्टेज विभागून उनोच्या पिनला द्यायला, आणि बॅटरी उगाच उतरायला नको म्हणून, वर (प्लसकडे) १ मेग म्हणजे मेगओहम, खाली (ग्राउंडकडे) ३३० के म्हणजे किलोओहम असे रेझिस्टर टाकले. मल्टिमीटर १२.६ दाखवतो, पण आर्डुइनो मोबाईलच्या चार्जरवर चालवला की डिस्प्लेवर १३.४, लॅपटॉपवर आणखी वेगळंच, आणि वायरला हात लागला तरी आकडा नाचतो. रेझिस्टर चुकले का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: रेझिस्टर अर्धेच चुकलेत, बाकी घोळ चार्जरचा आहे.

आधी नाचणारा आकडा. मोजणाऱ्या पिनला दिसतात ते दोन्ही रेझिस्टर पॅरलल, म्हणजे तुमच्याकडे जवळपास २५० के, आणि उनोच्या चिपला हवेत १० के किंवा कमी, कारण प्रत्येक रीडिंगला आतला छोटासा कपॅसिटर भरायचा असतो आणि एवढ्या बारीक धारेने तो वेळेत भरतच नाही. पिन आणि ग्राउंडमध्ये १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर लावून बघा, नाचणं बरंच थांबेल.

आता १३.४ कुठून आले? उनो स्वतःच्या ५ व्होल्टशी तुलना करून मोजतो. चार्जरकडून ४.७ च येत असतील आणि तुमचा कोड ५ धरून बसला असेल तर १२.६ चे बरोब्बर १३.४ होतात! ५ व्होल्टच्या पिनवर मीटर लावा, कळेलच.

मी असतो तर कोडमध्ये रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी उनो तुलना करतो ते व्होल्टेज, इंटर्नल (चिपच्या आतला) केला असता, तो १.१ व्होल्टचा असतो आणि चार्जर बदलला म्हणून हलत नाही. मग वर १५० के, खाली १० के, म्हणजे भागिले १६. चार्जिंगचे १४.४ आले तरी पिनवर ०.९ च, पॅरलल ९.४ के, आणि बॅटरीतून जातात ०.०८ मिलीऍम्प, महिन्याला ०.०६ ऍम्पिअर-अवरसुद्धा नाही. एवढ्यासाठी मेगचे रेझिस्टर कशाला?

रेझिस्टर मात्र १ टक्केवाले मेटल फिल्म, ते बहुतेक निळे असतात. ५ टक्केवाले दोन्ही उलट्या बाजूला चुकले तर व्होल्टभराचा फरक पडतो, आणि लेड ऍसिडमध्ये व्होल्टभरातच सगळा खेळ, आराम दिलेली बॅटरी १२.७ ला भरलेली तर ११.८ ला रिकामी. तो १.१ पण प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ च्या मधे कुठेही असू शकतो, तेव्हा एकदा मल्टिमीटर बघून कोडमधला गुणक जुळवून घ्या.

आणि हो, प्लसच्या टर्मिनलजवळच छोटा फ्यूज टाका, बारीक वायर शॉर्ट झाली तर बॅटरी ती लालभडक करून सोडते.