शेवटच्या दिवसाचं नाटक आधी बाजूला ठेवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १० ते १४ वयाची १८ मुलं, १२ आठवड्यांची नाट्यशाळा, त्यातली तीन सत्रं झालेली. मुलांच्या आसपास कामाला जुंपणारे, फूस लावून नेणारे लोक सतत वावरतात. शेवटी 'शोषण' या विषयावर नाटक बसवून देणगीदारांना दाखवायचा तुमचा बेत आहे. आणि दोन मुलं कोपऱ्यातून उठतच नाहीत, त्यांना कसं ओढून आणू, असं तुम्ही विचारलंय. मी १६ वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या शेवटच्या नाटकाबद्दल, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. सुरुवातीच्या काळात आम्हीही असंच नाटक केलं होतं. फसवून नेलेल्या मुलीची भूमिका बारा वर्षांच्या एका मुलीने इतकी जीव ओतून केली की समोरची माणसं रडली, उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ती यायचीच थांबली. पुढे कळलं की ती गोष्ट बरीचशी तिची स्वतःची होती. आम्ही तिला न विचारताच तिच्याकडून ती चारचौघांत करून घेतली होती. तेव्हापासून एक नियम आम्ही कधीच मोडला नाही: कुणीही स्वतःची गोष्ट करायची नाही. गोष्ट दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या नावाच्या मुलाची. ब्रिटनमधल्या नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट मुलांना एखाद्या कामातले जाणकार करत आणि त्यांच्यापुढे कुणाची तरी अडचण ठेवत. आम्ही तोच धागा घेतला. 'हे बघा, असं एक पत्र आलंय, या मुलाला काय सल्ला द्यायचा?' असं विचारलं की मुलं ताठ बसतात. दुसऱ्याला सल्ला देताना ती स्वतःबद्दल जे बोलतात, ते थेट विचारून कधीच बाहेर येत नाही.

आणि बोललं की पुढे काय, हे पहिल्या सत्राआधीच ठरलेलं हवं होतं. तुमच्या मजकुरात ते दिसलं नाही, म्हणून या आठवड्यातच ठरवा. खोलीत कायम दोन मोठी माणसं असावीत. एखादं मूल काही सांगू लागलं तर ते शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन तर मुळीच द्यायचं नाही. मुलाचेच शब्द लिहून ठेवायचे आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे त्याच दिवशी पोचवायचे. ही व्यक्ती कोण, हे मुलांनाही माहीत असू द्या.

आता खेळ. विषयाला हात घालायची घाई करू नका, पहिले चार आठवडे नुसते अंगाचे आणि आवाजाचे खेळ घ्या. त्यातला एक मी कधीच वगळत नाही. दोघांची जोडी करायची. एकाने तळहात दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा आणि हात नेईल तसा दुसऱ्याने चेहरा न्यायचा. स्पर्श नाही, बोलणं नाही. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांच्या पद्धतीतला हा खेळ आहे. पहिल्या दोन मिनिटांत मुलं जोडीदाराला जमिनीवर लोळवतात, हसतात. मग मी एकच गोष्ट वाढवते: ज्याला नेलं जातंय, त्याला नको वाटलं तर त्याने मागे सरून उभं राहायचं, कारण सांगायचं नाही. ताई, हे करायला मुलांना किती वेळ लागतो ते बघा. काही जण तीन-तीन सत्रं मागे सरतच नाहीत. मान अवघडते, डोळे पाणावतात, तरी हाताच्या मागे जात राहतात. आज्ञा पाळली की मार चुकतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. ज्या दिवशी असं मूल मागे सरतं आणि समोरचा हात खाली घेतो, एवढंच घडतं, कुणी रागावत नाही, त्या दिवशी त्याच्या उभं राहण्यात फरक पडतो. भूमिका बदलली की हात धरणाऱ्यालाही कळतं की आपण मघाशी कुणाला तरी दुखवत होतो. यावर भाषण देऊ नका, पुन्हा खेळू द्या.

पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर प्रसंग घ्यायला हरकत नाही. बोआल यांचीच फोरम पद्धत इथे फार उपयोगी पडते. १९७३ साली पेरूमधल्या साक्षरता मोहिमेत काम करताना ती कशी सुचली, ते त्यांनीच सांगितलंय. प्रेक्षकांतली एक बाई उपाय सुचवत होती, नट तो करून दाखवत होते, पण तिला काही केल्या पटेना. अखेर तीच वर चढली आणि तिला म्हणायचं होतं ते करून दाखवलं. म्हणजे प्रसंग वाईट शेवटापर्यंत एकदा दाखवायचा, मग पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्याने 'थांबा' म्हणायचं आणि पीडिताची जागा घेऊन वेगळं काही करून बघायचं. न पटणारा उपाय आला की सगळ्यांनी 'जादू!' म्हणून ओरडायचं.

पण प्रसंग कोणता घेताय, याला फार महत्त्व आहे. अंधारात ओढून नेणारा राक्षस दाखवू नका. आमच्या प्रसंगात एक प्रेमळ काका असतो. तो आधी नवे बूट देतो. मग म्हणतो, घरी सांगू नकोस, आपलं गुपित. मग म्हणतो, मी तुझ्यासाठी एवढं केलं, तू माझं एक काम नाही करणार? हा काका नेहमी आमच्यातला मोठा माणूस करतो, मुलांना ती भूमिका कधीच देत नाही. पहिल्यांदा 'थांबा' ऐकू येतं ते तिसऱ्या वाक्यावर. एका मुलाने येऊन काकाला लाथांनी लोळवलं, सगळे ओरडले, 'जादू!' मग एका मुलीने येऊन फक्त विचारलं, 'हे बूट तुम्ही मला आईसमोर द्याल का?' आमच्या नटाला खरंच उत्तर सुचलं नाही. पुढच्या सत्रांत 'थांबा' हळूहळू मागे सरकत गेलं आणि गुपिताच्या वाक्यावर येऊन ठेपलं.

कुणीतरी नक्की म्हणेल, 'तो आपल्या पायांनी गेला, त्याचीच चूक.' तो क्षण सोडू नका. मानवी व्यापाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या करारात, पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, स्पष्ट आहे की १८ वर्षांखालच्या मुलाला शोषणासाठी नेलं असेल तर ते 'हो' म्हणालं होतं का, याने काही फरक पडत नाही. हे मुलांना सोप्या शब्दांत सांगा. मी सांगितलं तेव्हा एका मुलाने दोनदा विचारलं होतं, 'बूट घेतले असले तरी?' हो, बूट घेतले असले तरी.

म्हणूनच 'नाही म्हणायला शिका' एवढ्यावर कार्यशाळा संपवणं मला मान्य नाही. भीतीने अंग गोठतं, आवाज फुटत नाही, आणि मग मुलाला वाटतं की शिकवलं होतं तरी मला जमलं नाही. आम्ही सांगण्याची तालीम जास्त घेतो: पहिल्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, मग तिसऱ्याकडे. देणगीदारांऐवजी पालकांना आणि शिक्षकांना बोलवा. मूल सांगायला येतं आणि मोठं माणूस 'नंतर बघू' म्हणतं, असा प्रसंग मांडा, आणि 'थांबा' म्हणून जागा बदलायचं काम मोठ्यांना द्या. मुलांची जागा नाही, त्या न ऐकणाऱ्या मोठ्या माणसाची. मूळ पद्धतीला मी इथे जरा वाकवलंय, पण समोर बसलेली मुलं आपल्या मोठ्यांना ऐकायची तालीम करताना बघतात, तेव्हा खोलीत जी शांतता असते ती मी दुसरीकडे कुठे अनुभवली नाही. तेही मुलांनी ठरवलं तरच करा. छायाचित्रं काढू देऊ नका.

प्रत्येक प्रसंगानंतर भूमिका उतरवायला विसरू नका. ओढणी किंवा टोपी खुर्चीवर ठेवायची, अंग झटकायचं, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण वेळ संपत आली की नेमकं तेच गाळलं जातं.

राहिली कोपऱ्यातली दोन मुलं. त्यांना ओढून आणू नका. भाग न घेणं हेही मागे सरून उभं राहणंच आहे, आणि तसं करता येतं हेच तर आपण शिकवतोय. त्यांना बसल्या जागी करण्यासारखं काम द्या. आमच्याकडच्या एका मुलाला मी 'थांबा'साठी एक घंटा दिली होती. पाच आठवडे तो दुसऱ्यांनी हात वर केला की घंटा वाजवायचा, बस. सहाव्या आठवड्यात, काका बूट घेऊन येण्याच्याही आधी, कुणीच हात वर केलेला नसताना त्याने घंटा वाजवली. वर आला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाला, 'तो तिथे एकटा नको.' पुढच्या सत्रात आम्ही तो प्रसंग दोन मित्रांचा केला.