पाच वर्षांत पासपोर्ट? लाल पेनानं गोल केलेला तो आकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गंगापूर रोडचा प्लॉट विकून पोर्तुगालचा गोल्डन व्हिसा (तिथं पैसे गुंतवून मिळणारा राहण्याचा परवाना) घ्यायचा, पाच वर्षांत पासपोर्ट मिळेल असं एजंट म्हणतो, पण नागरिकत्वाचे कायदे बदलतायत, तर पैसे गुंतवावेत की थांबावं?

मी सीए आहे, ऑफिस नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला. (हो, कॅनडाला जायचंय म्हणून इथं येणारे बरेच जण हा विनोद करून झालेत.)

पासपोर्टच्या आशेवर प्लॉट विकू नका. तुमच्या पैशाला मिळतो तो राहण्याचा परवाना. नागरिकत्व हा वेगळा कायदा, आणि तुम्ही रांगेत उभे असतानाही तिथली संसद तो बदलू शकते. पोर्तुगालमध्ये तेच झालं. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या संसदेनं बहुतेक परदेशी लोकांसाठी 5 वर्षांची अट 10 वर्षं करणारं विधेयक मंजूर केलं. शिवाय वर्षं मोजायची कधीपासून, तर अर्जाच्या तारखेपासून नव्हे, राहण्याच्या परवान्याचं कार्ड मिळाल्यापासून. डिसेंबरमध्ये घटना न्यायालयानं त्यातली काही कलमं घटनाबाह्य ठरवली, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसलंच. तिथं कार्ड हातात पडायलाच किती वेळ लागतो, हे रांगेतल्या कुणालाही विचारा. 5 चे 10 झाले यापेक्षा मला हे मोजणीचं कलम जास्त बोचतं.

माझ्याकडे दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. 2022 मध्ये त्यांनी अर्ज केला. एजंटचं माहितीपत्रक ते सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या फाइलमध्येच ठेवत, त्यातल्या ‘5 वर्षे’ला लाल पेनानं गोल केलेला. ती बातमी आल्यावर रात्री फोन आला. म्हणाले, “साहेब, शिवार सौद्यात भाव ठरला आणि गाडी भरताना व्यापाऱ्यानं बदलला, तसंच झालं की हो.” यावर मी काय बोलणार!

आणि हे एकट्या पोर्तुगालचं नाही. सायप्रसनं गुंतवणुकीवर पासपोर्ट देणं 2020 मध्ये थांबवलं, ब्रिटननं गुंतवणूकदार व्हिसा 2022 मध्ये, स्पेननं गोल्डन व्हिसा एप्रिल 2025 मध्ये. त्याच महिन्यात युरोपीय न्यायालयानं माल्टाची पासपोर्टविक्री बेकायदा ठरवली. पोर्तुगालमध्येही घर घेऊन व्हिसा मिळणं 2023 मध्येच बंद झालं, आता मुख्य रस्ता गुंतवणूक फंडात 5 लाख युरो घालण्याचा.

आता आपल्याकडचा हिशोब, जो एजंट सांगत नाही. एका माणसाला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरच बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून 5 लाख डॉलर, आणि 5 लाख युरो त्याहून जास्त होतात. म्हणजे काही रक्कम मार्चच्या आत, उरलेली एप्रिलमध्ये. त्यासाठी बँक कर्ज देणार नाही. शिवाय माणशी 10 लाखांवरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) बँक कापते. 5 कोटी पाठवले तर जवळपास 1 कोटी अडकतात. रिटर्नमध्ये ते वळते होतात, पण तोवर रोख कुठून आणणार? प्लॉट विकल्यावरचा कॅपिटल गेन टॅक्स वेगळाच.

दुसरं, परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, 1955 च्या कायद्याचं कलम 9. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) मिळेल, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं येईल तेवढीच. गावाकडे जमीन असेल तर हे आज बोलून घ्या.

तरीही करायचंच असेल, तर एजंटकडून एकच गोष्ट लेखी घ्या: नागरिकत्व कधीच मिळालं नाही तरी फंडातून पैसे कधी, कसे आणि किती शुल्क कापून परत येतील. आणि तो कागद वाचायला तिथला वकील स्वतः शोधा, एजंटनं सुचवलेला नको.

दिंडोरीच्या त्या काकांनी पैसे काढले नाहीत. वर्षाकाठी सातेक दिवस तिकडे राहून यायचं आणि व्हिसा चालू ठेवायचा, असं ठरवलंय. पुढेमागे नागरिकत्व मिळालंच तर ते कोणी घ्यायचं आणि सातबारा कोणाच्या नावावर ठेवायचा, यावर मात्र घरात अजून एकमत नाही.